मस्टरवरचे कावळे

आमच्या घरमालकांनी एकदा एका मुंगसाचा अर्धा दिवस कापला. हे मी ऐकीव सांगत नाही, माझ्या डोळ्यांदेखत कापला.

ते मुंगूस रोज सकाळी साडेनऊच्या सुमाराला घरामागच्या भिंतीखालून बाहेर यायचं. त्या दिवशी ते आलं सव्वाबारा वाजता. तात्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी कानावरचं पेन काढलं, मांडीवरच्या लांबोळक्या मस्टरमध्ये, म्हणजे हजेरीच्या वहीत, काहीतरी लिहिलं आणि मुंगसाकडे चष्म्यावरून बघत म्हणाले, "साडेनऊची येळ हाय तुजी. ह्ये काय हाटेल हाय का, कवाबी यायला? जा आता, हाफ डे लावलाय."

मुंगूस मागच्या दोन पायांवर उभं राहिलं, त्यांच्याकडे नीट बघितलं आणि गुपचूप भिंतीखाली परत गेलं.

"बघ," तात्या मला म्हणाले, "उलट उत्तर न्हाई दिलं. चूक मान्य हाय त्येला. मानसं आसती तर युनियन घिऊन आली आसती."

सोपानतात्या मूळचे महाळुंग्याचेच. आता जिथे कंपन्यांच्या शेड आहेत तिथे त्यांची बाजरी होती. जमीन कंपनीला गेली आणि त्या बदल्यात तात्यांना त्याच कंपनीत नोकरी मिळाली, टाइम ऑफिसात. टाइम ऑफिस म्हणजे गेटजवळची छोटी खोली. कोण किती वाजता आत आला, कोण आलाच नाही, कोण रजेवर आहे, हे सगळं तिथे लिहिलं जायचं. तात्यांनी ते एकतीस वर्षं लिहिलं. त्यांच्या घरामागे कंपनीची भिंत आहे आणि भिंतीपलीकडे कंपनीचं कँटीन. तात्या कोणाला पत्ता सांगताना म्हणतात, "आमच्या हिरीवर कँटीन हाय, त्येच्या अलीकडचं घर." विहीर बुजून जमाना झाला. पण पत्ता तोच.

आम्ही त्यांच्या चार खोल्यांपैकी एका खोलीत भाड्याने राहतो. आम्ही बीडकडचे. पप्पा चाकणला पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमध्ये आहेत, आई पॅकिंगच्या कामाला जाते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे तात्यांनी माझं नाव वैशाली आहे हे कधी लक्षातच घेतलं नाही. ते मला 'कॉलेज' म्हणतात. "काय गं कॉलेज, आज लौकर सुटली का?" आईलासुद्धा विचारतात, "कॉलेज जेवलं का?" सुरुवातीला मला लाज वाटायची. आता कोणी वैशाली म्हणालं की मी क्षणभर मागे वळून बघते, कोणाला हाक मारली म्हणून.

तात्यांच्या कडकपणाच्या गोष्टी महाळुंग्यात अजून सांगतात. त्यांचा सख्खा मेव्हणा त्याच कंपनीत होता. त्याचं लग्न ठरलं. गडबडीत तो रजेचा अर्ज द्यायला विसरला. तात्या स्वतः रीतसर रजा घेऊन लग्नाला गेले, पंगतीत चार जिलब्या जास्त खाल्ल्या, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन नवरदेवाला गैरहजर लावला. मेव्हणा हळदीच्या अंगाने धावत आला. "दाजी, तुमी तर मांडवात होता! माज्या डोक्यावर अक्षता टाकल्या तुमी!"

"म्हनून तर खात्रीनं सांगतो," तात्या म्हणाले, "तू कंपनीत नव्हतास."

काकी, म्हणजे तात्यांची बायको, त्यांच्याशी पंधरा दिवस बोलल्या नाहीत. काकी मी पाहिलेल्या नाहीत. आम्ही इथे राहायला यायच्या आधीच त्या गेल्या. पण हा किस्सा सांगताना तात्या दर वेळी शेवटी म्हणतात, "पंधरा न्हाई, सोळा. सोळाव्या दिवशी दुपारी बोलली." म्हणजे त्यांनी तेही कुठेतरी लिहून ठेवलं असणार.

तात्यांचे नियम दोनच. पहिला, हजेरी खोटी लिहायची नाही. दुसरा, रजा पाहिजे तर अर्ज पाहिजे. अर्ज नाही तो गैरहजर, मग तो कोणी का असेना.

तात्या निवृत्त झाले त्या सुमाराला कंपनीत चेहरा बघून हजेरी लावणारं मशीन आलं. जुनी कोरी मस्टरं भंगारात चालली होती. तात्यांनी ती मागून घेतली आणि टेम्पोत घालून घरी आणली. मस्टर तर आलं, पण हजेरी कोणाची लावायची? काकी गेलेल्या. मुलगा विनायक सुनेला घेऊन मोशीला फ्लॅटमध्ये राहायला गेलेला. तात्या घरामागे खुर्ची टाकून भिंतीकडे बघत बसले. भिंतीवर कावळे बसले होते. तिथूनच सुरुवात झाली.

मी पहिल्यांदा ते मस्टर पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. डाव्या बाजूला नावं, पुढे एक ते एकतीस तारखांचे चौकोन, शेवटी 'शेरा'. कावळे 'कायम कामगार'. साळुंक्या 'टेम्परवारी'. गायबगळे 'ठेकेदारीतले', कारण त्यांचा एक जागा धरून राहायचा स्वभाव नाही. पूर्वी ते नांगरामागे चालायचे, माती उलटली की खालचे किडे टिपायला. आता शेतं कमी झाली, म्हणून ते जेसीबीच्या मागे चालतात. नवीन शेडचा पाया खणायला कुठेही जेसीबी लागला की दहा मिनिटांत सात-आठ पांढरे बगळे हजर. तात्या म्हणतात, "त्येंना काय, बैल आसला काय आन जेसीबी आसला काय. माती उलटल्याशी मतलब. आमी आपलं बैल गेला, बैल गेला करीत बसलो."

घार म्हणजे जनरल मॅनेजर. वरून एक चक्कर मारते, खाली सगळे गप्प होतात, आणि चांगला तुकडा तीच नेते. मोर म्हणजे युनियन लीडर, कारण कामापेक्षा ओरडणं जास्त. मुंगूस क्वालिटीवालं, सगळं हुंगून बघतं आणि निम्मं रिजेक्ट करतं. आणि एक लंगडा कावळा आहे, डाव्या पायाची बोटं नसलेला. त्याला तात्यांनी टोकन नंबर एक दिला आहे. "सर्व्हिस मोठी हाय त्येची," एवढंच सांगतात.

आता माझ्या प्रोजेक्टबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यामुळेच कळलं.

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्राणिशास्त्र घेऊन. मॅडमनी विषय दिला होता : परिसर बदलतो तेव्हा प्राणी आपलं अन्न कसं शोधतात. वर्गातल्या एका मुलाने धरणावरचे फ्लेमिंगो घेतले. त्याच्याकडे गाडी आहे आणि हातभर लांबीचा कॅमेरा आहे. माझ्याकडे दुर्बीणसुद्धा नव्हती. मी दोन दिवस विचार केला आणि घाबरत मॅडमना विचारलं, "मॅडम, कावळे चालतील का?"

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "का नाही चालणार? पण नोंदी किती दिवसांच्या आणशील? महिनाभराच्या?"

"सात वर्षांच्या आहेत," मी म्हणाले. मग वर्ग हसायचा थांबला.

तात्यांकडे मस्टर मागायला गेले तर ते म्हणाले, "अर्ज आन."

मी वहीचं पान फाडून अर्ज लिहिला. तात्यांनी लाल पेनने दोन ठिकाणी दुरुस्त केला. 'आपली विश्वासू'च्या खाली सही नव्हती म्हणून परत पाठवला. तिसऱ्या खेपेला 'मंजूर' लिहून खाली तारीख टाकली. मग मी रोज कॉलेजवरून आले की त्यांच्या पडवीत बसून नोंदी उतरवू लागले. तात्या मधूनमधून डोकावून म्हणायचे, "नीट उतर. एकेक नग खरा हाय त्यातला."

आठवड्याभरात मला एक गोष्ट दिसली. कँटीनच्या जेवणाचा भोंगा साडेबाराला होतो. कावळे त्याच्या आधी दहा मिनिटं येऊन भिंतीवर बसतात, रोज. पण गुरुवारी एकही कावळा नाही. सगळ्या गुरुवारच्या चौकोनांत 'गै', 'गै', 'गै'. आमच्याकडे कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. गुरुवारी भोंगा नाही, कँटीन नाही, उष्टं नाही. म्हणजे कावळ्यांना गुरुवार कळतो! ते भोंग्याची वाट बघून निराश होऊन जातात असंही नाही. ते त्या दिवशी येतच नाहीत.

मॅडमना इतका आनंद झाला की त्यांनी मला स्टाफरूममध्ये बसवून चहा पाजला. स्टाफरूममधल्या खुर्चीवर मी पहिल्यांदाच बसले. त्यांनी मला समजावून सांगितलं की एखाद्या जागचं अन्न संपलं तरी प्राणी लगेच ती जागा सोडत नाही. काही दिवस तो येऊन बघतो. मग कमी येतो. मग दुसरीकडे जातो. कोण किती दिवस येत राहतं, हे बघण्यासारखं असतं. सोमवारी सगळ्यांचं सादरीकरण होतं आणि त्यातलं एकच प्रोजेक्ट विद्यापीठाच्या स्पर्धेला जाणार होतं. मॅडम म्हणाल्या, "तुझं जाऊ शकतं."

मी घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "कावळ्यावर बक्षीस देऊलालेत व्हय? आपल्या गावाकडं तर किती हायेत!"

आणि त्याच दिवशी मी शेवटचं मस्टर उघडलं.

दिवाळीपर्यंत सगळं ठीक होतं. दिवाळीनंतरच्या दोन गुरुवारी 'गै'. तिसऱ्या गुरुवारी एकटा टोकन नंबर एक हजर. चौथ्या गुरुवारी तीन कावळे. मग पाच, मग सगळे. आणि वेळ साडेबाराची नाही, दीडची. त्यानंतर आजपर्यंत एकही गुरुवार कावळ्यांनी चुकवलेला नव्हता. तात्या शेऱ्याचा रकाना कधी रिकामा सोडत नाहीत. 'पावसाने उशीर', 'घारीची भीती', 'जेसीबी साइटवर बदली' असं काही ना काही असतंच. या गुरुवारांपुढे शेरा कोरा होता.

 सात वर्षं जे सिद्ध झालं, ते शेवटच्या चार महिन्यांत मोडलं होतं. मॅडमना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "कारण शोध. कारण सापडलं तर हेच सगळ्यांत चांगलं पान होईल. नाही सापडलं तर प्रोजेक्ट अर्धं."

मला वाटलं, कँटीन गुरुवारी सुरू झालं असेल. कँटीनचे आचारी रहीमचाचा संध्याकाळी गेटबाहेर चहा प्यायला येतात, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "जुमेरातला कुलूप असतं बेटा. मी तर घरी झोपलेला असतो. कावळ्यांनी काय माझं नाव सांगितलं का?"

मग सरळ तात्यांना विचारलं. "तात्या, गुरुवारी कावळे कशाला येतात?"

तात्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आले, मी लिवलं. का आले त्ये इचारायचं काम टाइम ऑफिसचं न्हाई. पर्सोनेल डिपार्टमेंटला इचार."

"शेरा का नाही लिहिला?"

"शेरा रिकामा हाय म्हंजे शेरा न्हाई," असं म्हणून ते आत गेले आणि बराच वेळ भांडी वाजत राहिली.

सादरीकरणाच्या आधीच्या गुरुवारी मी कॉलेज बुडवलं. आयुष्यात पहिल्यांदा. घरी सांगितलं की सुट्टी आहे, आणि दुपारी तात्यांच्या घरामागे पाण्याच्या टाकीआड जाऊन बसले, वही-पेन घेऊन. इतर दिवशी मी कॉलेजात असते आणि घरामागची ती बाजू आमच्या खोलीतून दिसत नाही. म्हणून मला इतके दिवस काहीच कळलं नव्हतं.

तात्यांच्या स्वयंपाकघरातून खमंग वास येत होता. भाजलेले तीळ, खोबरं, लसूण. मासवडी. आमच्या बीडला मी ती खाल्ली नव्हती, इथे आल्यावर कळली. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, आत मसाला भरायचा, गुंडाळून वड्या कापायच्या, बरोबर झणझणीत रस्सा. नावात मास असलं तरी गुरुवार पाळणाऱ्यालाही चालते. करायला मात्र अर्धा दिवस जातो. एकट्या माणसाने स्वतःसाठी करावी असा तो पदार्थ नाही.

एक वाजता तात्या बाहेर आले. धुतलेला सदरा घातलेला. त्यांनी मागच्या पडवीत चटई टाकली. चार ताटं मांडली, त्यातलं एक छोटं, स्टीलचं, कडेला ससा असलेलं. मग त्यांनी खुर्ची उचलली आणि रोजच्यासारखी भिंतीकडे नाही, तर रस्त्याकडे तोंड करून ठेवली आणि बसले.

भिंतीवर एकेक करून कावळे जमू लागले. 

दीड वाजला. तात्या उठले. तीन ताटं त्यांनी उचलून आत नेली. परातीत वड्या कुस्करल्या, भिंतीपाशी आले आणि एकेक तुकडा ओळीने भिंतीवर ठेवत म्हणाले, "या. तुमी तरी येळेवर हाय."

महाळुंग्याचे कावळे दिवाळीपासून दर गुरुवारी मासवडी खात होते.

मी लिहायचं विसरले. तेवढ्यात एका कावळ्याने मला पाहिलं आणि सगळ्यांनी मिळून असा गलका केला की तात्यांनी हाक दिली, "कोन हाय तिकडं? अर्ज हाय का?"

मी टाकीआडून बाहेर आले. तात्या रागावतील असं वाटलं होतं. ते नुसते म्हणाले, "कॉलेज बुडवलं?"

"हो."

"अर्ज?"

"नाही दिला."

"मग गैरहजर," ते म्हणाले, आणि आतून ससा असलेलं ताट वाढून आणून माझ्या पुढ्यात सरकवलं. "बस. गार झाली तरी बरी लागती."

मी खाल्ली. खरंच छान होती. तीळ जरा करपले होते, पण ते मी बोलले नाही. विनायकदादा आधी इथेच चाकणला कंपनीत होते आणि दर गुरुवारी सुट्टीला बायकोला आणि त्यांच्या छोट्या ओमला घेऊन यायचे, हे मला माहीत होतं. दिवाळीला त्यांना हिंजवडीत नोकरी लागली, हेही पेढ्यांमुळे माहीत होतं. पण त्या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या.

तात्या आपणहून बोलू लागले. "पोरगं वाईट न्हाई हां. त्येला आता शनवार-रयवार सुट्टी. ओमची बी शाळा चालू झाली. रयवारी येतो म्हनला. येतो बी, महिन्यातून एकांदा. पन मला रयवारचं काय हुईना बग. एकतीस वर्सं माजी सुट्टी गुरुवारची. ही होती तवा गुरुवारीच मासवडी. रयवार मला कामाचाच वार वाटतो. पोरगं आलं तरी वाटतं, ह्यो कामावरून पळून आलाय का काय."

मी हसले. तेही हसले. मग त्यांनी आजची हजेरी लिहिली, कावळे सगळे हजर, शेरा कोरा, आणि मस्टर माझ्याकडे दिलं. "उतरून घे."

उतरवताना पानं मागेपुढे झाली आणि मस्टरचं शेवटचं पान उघडलं. तिथे फक्त तीन नावं होती. विनायक. सूनबाई. ओम. पुढे फक्त गुरुवारचे चौकोन भरलेले. दिवाळीपर्यंत 'ह', 'ह', 'ह'. दिवाळीनंतर मला वाटलं तिथे 'गै' असेल. नव्हतं. सगळीकडे लाल शाईने 'र'. रजा. रजा. रजा. प्रत्येकापुढे बारीक अक्षरात 'मंजूर' आणि तात्यांची सही.

"तात्या, यांचा अर्ज आहे का?" माझ्या तोंडून निघून गेलं, आणि लगेच वाटलं, नको होतं विचारायला.

तात्या भिंतीकडे बघत होते. "फोन करतो त्यो," म्हणाले. "फोनवरचा अर्ज चालतो."

"तुमच्या मेव्हण्याचा नव्हता चालला."

"तवा फोन नव्हता," तात्या म्हणाले.

नंतर मी विचारलं, "माझ्या वहीत शेऱ्यात काय लिहू?" त्यांनी पेन कानावर खोचलं. "लिव, कँटीनशिवाय दुसरं आन्न उपलब्ध. घरगुती. नाव नगो घालूस."

सोमवारी मी तसंच सांगितलं.  मॅडमनी विचारलं, "म्हणजे कोणीतरी मुद्दाम खाऊ घालतं?"

"नाही मॅडम," मी म्हणाले. "उरतं."

 स्पर्धेला फ्लेमिंगो गेले. ते दिसायलाही सुंदर होते, मला वाईट वाटलं नाही. म्हणजे थोडं वाटलं. पण माझ्या प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर मॅडमनी पेन्सिलने लिहिलं होतं : 'हे गुरुवारचं अन्न बंद झालं, तर कावळे किती गुरुवार येत राहतील? जमलं तर पाहा.'

मी ते पान तात्यांना दाखवलं. म्हणाले, "बंद करायचं म्हंजे? मासवडी करायची न्हाई का मी?"

"करायची," मी म्हणाले. हे मी रात्रभर मनात घोळवून ठेवलं होतं, तरी बोलताना अडखळले. "फक्त उरली नाही पाहिजे. म्हणजे कोणीतरी संपवली पाहिजे. पप्पांना आणि आईला गुरुवारी सुट्टीच असते. आणि मी कॉलेजातून लवकर निघून दुपारी एकपर्यंत येऊ शकते. प्रयोगासाठी."

तात्यांनी माझ्याकडे मुंगसाकडे बघतात तसं बघितलं. "प्रयोगासाठी?"

"हो."

"मग अर्ज आन. तिघांचा."

पप्पांनी आयुष्यात इतका मन लावून अर्ज लिहिला नसेल. आई पहिल्याच गुरुवारी ज्वारीच्या भाकऱ्या बांधून घेऊन गेली. तात्यांच्या रश्श्याची एक वाटी तिने संपवली आणि म्हणाली, "तात्या, चव लै भारी हाय, पर तीळ करपायलेत तुमचे." मी इतके दिवस गिळलेलं वाक्य ती पहिल्याच दिवशी बोलून मोकळी झाली. तात्या म्हणाले, "आमची ही बी त्येच म्हनायची," आणि दुसऱ्या गुरुवारी तीळ आईनेच भाजले.

भिंतीवर कावळे दीडपर्यंत बसले. परात रिकामीच धुतली गेली ते त्यांनी बघितलं. तात्यांनी मस्टरमध्ये लिहिलं, 'हजर, काम नाही. ले-ऑफ.' दुसऱ्या गुरुवारी चार कावळे कमी. तिसऱ्या गुरुवारी तीनच उरले. मी मन लावून नोंदी घेत होते. पाचव्या गुरुवारी भिंतीवर फक्त टोकन नंबर एक होता. उजव्या पायावर तोल सांभाळत, मान वाकडी करून आमच्या ताटांकडे बघत.

मला वाटलं, आता पुढच्या गुरुवारी तोही येणार नाही आणि माझी नोंद पूर्ण होईल. मी पाणी प्यायला आत गेले आणि परत आले, तर तात्या भिंतीपाशी उभे होते आणि हात पाठीमागे लपवत होते. लंगड्याच्या चोचीत तीळ होते.

"तात्या! प्रयोग बिघडला माझा."

"एकच हाय गं," तात्या म्हणाले. "सवय लागल्याली आसती जिवाला. येकदम तोडू न्हाई."

त्यांनी मस्टर उघडलं आणि लिहिलं, 'कावळा टो. नं. १, हजर.' शेऱ्यात पहिल्यांदा वडीचं नाव आलं : 'एक वडी दिली.' हजेरी खोटी लिहायची नाही ना. मग त्यांनी शेवटचं पान काढलं. विनायक, सूनबाई, ओम यांच्यापुढे लाल शाईने 'र' लावला, मंजूर केला, सही केली. त्या तीन नावांखाली आता आणखी तीन नावं होती. माझ्या पप्पांचं, माझ्या आईचं, आणि सगळ्यांत खाली नुसतं 'कॉलेज'.

पप्पा 'ह'. आई 'ह'. माझ्यापुढे लेट मार्क होता.

त्या दिवशी बस उशिरा आली होती. मी सांगणार होते. मग पडवीतलं घड्याळ आठवलं. मी आले तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती, आणि तात्या खुर्चीत बसलेले होते, रस्त्याकडे तोंड करून.

मी ताटं घासायला घेतली. पुढच्या गुरुवारी एकची वेळ पाळायची, एवढंच ठरवलं.